विजेची मोटार आलापल्लीला पुरेल का?

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सागवानासाठी. गावाजवळचे ‘वनवैभव’ हे नैसर्गिक सागवनाचे क्षेत्र २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. परंतु या गावाचे दुसरे महत्त्व रस्त्यांचे आहे. उत्तरेकडे आष्टीमार्गे चंद्रपूर आणि गडचिरोली, दक्षिणेकडे सिरोंचा, पूर्वेकडे भामरागड, ईशान्येला एटापल्ली आणि अगदी शेजारी नागेपल्ली व अहेरी, अशा सर्व वाटा येथे एकत्र येतात. रेल्वे मात्र येथे नाही. बल्लारपूरची गाडी पकडायची तरी आधी शंभरएक किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागतो. त्यामुळे रस्ता आणि त्यावर धावणारे वाहन हाच येथील कुटुंबाचा बाह्य जगाशी असलेला मुख्य दुवा आहे.

विजेच्या मोटारींसंबंधीची चर्चा सहसा पुणे-मुंबईपुरती होते. राज्य शासनाचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण २०३० सालापर्यंत लागू आहे. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनांपैकी ३० टक्के वाहने तोवर विजेवरची असावीत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकरमाफी देण्याची तरतूदही त्यात आहे. या तिन्हींपैकी एकही रस्ता आलापल्लीकराच्या रोजच्या वाटेवर नाही, हा भाग वेगळा! पेट्रोलची गाडी विकून विजेची घेतली, तर घरातील वाहनाची सर्व कामे तिच्याने निभावतील काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तपासायचा असेल तर तो पुण्यात नव्हे, आलापल्लीसारख्या गावी तपासला पाहिजे. पुण्यात गाडी अडली तर रिक्षा मिळते. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर, रात्री, जंगलात गाडी अडली तर सकाळ होईपर्यंत काहीही मिळत नाही.

रोजचा हिशेब

प्रथम विजेच्या मोटारीची बाजू. आलापल्लीत राहणारा शिक्षक, व्यापारी वा सरकारी कर्मचारी रोज जातो कोठे? अहेरी आठ-दहा किलोमीटर, एटापल्ली तीसेक किलोमीटर. जाऊन येऊन कोणाचे वीस, कोणाचे साठ किलोमीटर होतात. आज बाजारात मिळणाऱ्या सर्वांत लहान विजेच्या मोटारींमध्ये १७ ते २५ युनिट वीज साठविणारी बॅटरी असते. टाटा कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये आणलेल्या टियागोच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २४ युनिट होती आणि एका चार्जिंगमध्ये ती ३१५ किलोमीटर जाईल असे तेव्हा सांगितले गेले. हा आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीचा असतो. प्रत्यक्ष रस्त्यावर, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून, चार माणसे व सामान घेऊन त्याच्या दोन-तृतीयांश अंतर मिळते असे धरून चालावे. म्हणजे दोनशे किलोमीटर. रोजच्या वीस किंवा साठ किलोमीटरसाठी हे पुष्कळच झाले.

येथे एक गोष्ट शहरी वाचकाला उलटी वाटेल. खराब, वळणावळणाचा आणि वेग घेऊ न देणारा रस्ता पेट्रोलच्या इंजिनाला जाचक असतो. सतत गिअर बदलावे लागतात, इंधन जास्त जळते. विजेच्या मोटारीला मात्र चाळीस-पन्नासचा वेग मानवतो, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि बॅटरी त्याच झपाट्याने उतरते. शिवाय वेग कमी करताना तिची मोटार उलट जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. त्यामुळे आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर ही गाडी महामार्गापेक्षा अधिक काटकसरीने धावते. खड्ड्यांनी मोटारीचा तळ घासला जाण्याची भीती राहतेच, आणि बॅटरी नेमकी तळाशीच असते. परंतु ते चालकाच्या सावधपणावर सोडू.

खर्चाचे गणितही सरळ आहे. पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये आणि गाडीची सरासरी १५ किलोमीटर धरली, तर दर किलोमीटरला सात रुपये पडतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी असते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. विजेच्या लहान मोटारीला शंभर किलोमीटरसाठी, चार्जिंगमधील घट धरून, सुमारे १५ युनिट लागतात. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि मोटारीचे युनिट पंखा-दिव्यांच्या वापरावर चढून वरच्या टप्प्यात जातात. विक्रेत्यांच्या हिशेबात हा मुद्दा सहसा नसतो. म्हणून युनिटचा दर बारा रुपये धरू. तरीही किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपयेच पडतात. रोज ३० किलोमीटर धावणाऱ्या गाडीमागे वर्षाला ५५ हजारांच्या आसपास रुपये वाचतात. सारख्या आकाराच्या दोन गाड्यांच्या किमतीतला फरक अडीच लाख रुपये असेल, तर तो साडेचार-पाच वर्षांत भरून निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारीवर तो आधीपासून पाच टक्केच आहे. त्यामुळे किमतीतली दरी पूर्वीइतकी अरुंद राहिलेली नाही.

येथवर सारे विजेच्या बाजूने आहे. पण सरासरीवर संसार चालत नाही.

वर्षातून तीनदा

कुटुंबाच्या वाहनाची परीक्षा रोजच्या तीस किलोमीटरमध्ये होत नसते. वर्षातून दोनदा-तीनदा जो प्रवास टाळता येत नाही, त्यात होते. अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून ‘पुढे न्या’ असे सांगितले गेले की चंद्रपूर किंवा गडचिरोली, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर. तेथेही भागले नाही तर नागपूर, एकूण अडीचशे किलोमीटरहून अधिक. ज्या घरात एकच गाडी आहे, तेथे ती गाडी हा प्रवास करू शकते की नाही यावरच तिची योग्यता ठरते. उरलेले ३६२ दिवस तिने कितीही पैसे वाचविले तरी या तीन दिवसांची भरपाई त्यातून होत नाही.

एक उदाहरण घेऊ. गाडी दिवसभर बाहेर होती, रात्री आठ वाजता घरी आली आणि बॅटरीत २० टक्के वीज उरली आहे. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती लावली. तासाला तीनएक युनिट या हिशेबाने मध्यरात्री दोनपर्यंत पुरेशी वीज भरते. अशा वेळी कोणाच्या छातीत दुखू लागले तर गाडी चंद्रपूर गाठते, अडचण नाही. पण त्या सहा तासांत वीज गेलेली असेल तर? २४ युनिटच्या बॅटरीत २० टक्के म्हणजे पाच युनिटसुद्धा नव्हेत. तेवढ्यावर गाडी तीस-पस्तीस किलोमीटर जाईल. आलापल्लीहून आष्टी पंचेचाळीसएक किलोमीटर आहे. म्हणजे रुग्ण घेऊन निघालेली गाडी वैनगंगेच्या अलीकडे जंगलातच थांबेल.

पेट्रोलची गाडी याच परिस्थितीत काय करते? टाकीत थोडेच पेट्रोल असले तरी शेजाऱ्याच्या मोटारसायकलमधून दोन लिटर काढून घेता येते. आतल्या गावांत किराणा दुकानाबाहेर पेट्रोलच्या बाटल्या मांडलेल्या असतात. हे नियमात बसत नाही, पण तेथील वाहतूक त्यावर चालते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा सामावलेली असते. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश धुरात व उष्णतेत वाया घालविते. तरीही उरलेली ऊर्जा गाडीला पंधरा किलोमीटर नेते आणि ती बाटलीत मावते. पंपावर ३० लिटर भरायला एक-दोन मिनिटे लागतात. बॅटरी कितीही सुधारली तरी वीज अशी बाटलीत भरून शेजाऱ्याला देता येत नाही.

मोटारीच्या इतिहासातही या बाटलीनेच निकाल लावला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था बेंझ हिने दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभरएक किलोमीटरचा प्रवास पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून केला. आलापल्ली-चंद्रपूर इतकाच तो रस्ता. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने वीसलोख या गावच्या औषधाच्या दुकानातून कपडे स्वच्छ करण्यासाठी विकले जाणारे पेट्रोलजन्य द्रव्य विकत घेतले. जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणजे एक औषधालय होते, असे म्हणतात ते यावरून. पुढे १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या शहरांत विजेच्या मोटारी लोकप्रिय होत्या. त्या आवाज करीत नसत आणि हँडल मारल्याविना सुरू होत. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि पेट्रोल मोटारीची ती उणीव गेली. परंतु त्याहून मोठे कारण हे की अमेरिकेच्या खेड्यांत तेव्हा वीज नव्हती आणि पेट्रोलचा डबा मात्र कोठेही नेता येत होता. खेड्यांनी पेट्रोल निवडले आणि शहरे त्यांच्या मागे गेली.

वायर, डीपी आणि अर्थिंग

आज आलापल्लीत वीज आहे. गडचिरोलीच्या अंतर्भागाची स्थिती फार जुनी नाही, याची आठवण मात्र ठेवायला हवी. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तेथे वीज नव्हती. अहेरी ते गर्देवाडा ही एसटी बस तर १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. ज्या भागात एसटी पोहोचायला एवढा काळ लागला, तेथे जलद चार्जिंग केंद्र उद्या उभे राहील असे मानणे भाबडेपणाचे आहे.

विजेची तार येणे आणि ती मोटारीला पुरणे यात अंतर आहे. जंगलातून गेलेल्या वाहिनीवर पावसाळ्यात फांद्या पडतात, बिघाड शोधायला वायरमनला चिखलातून चालत जावे लागते आणि पुरवठा पूर्ववत व्हायला तास, कधी दिवस लागतात. दाब कमी झाला की चार्जर स्वतःहून बंद पडतो. जुन्या घरांत अर्थिंग नीट नसते. पंखा-दिव्यांना त्याचे काही वाटत नाही, पण मोटारीचा चार्जर अर्थिंग सदोष आढळले की चालण्यास नकार देतो. हा त्याचा दोष नव्हे, सुरक्षेची सोय आहे. गाडी घेण्याआधी घरातील अर्थिंग, वायरची जाडी आणि मंजूर भार तपासून घेणे हे तिचा रंग निवडण्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे.

पुढचा प्रश्न गल्लीतल्या डीपीचा. शंभर केव्हीएच्या एका रोहित्रावर वीस घरांनी संध्याकाळी सातला मोटारी लावल्या, तर केवळ त्यांचाच भार ६५ किलोवॅटच्या घरात जातो. डीपी जळण्याच्या तक्रारी उन्हाळ्यात तशाही असतात. आज ही भीती दूरची आहे, कारण वीस मोटारी एका गल्लीत नाहीत. पण ‘पूर्णपणे जागा घेणे’ याचा अर्थ त्या वीस मोटारी असाच होतो. मध्यरात्रीनंतर चार्जिंग करण्याची सवय लागली तर भार विभागला जाईल.

छपरावर सौर पॅनेल बसविले की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि असा संच उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिट सहज देतो. रोज ३० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साडेचार युनिट लागतात, म्हणजे हिशेब उत्तम जमतो. परंतु या योजनेतील नेहमीचा संच महावितरणच्या तारेशी जोडलेला असतो. तारेतील वीज गेली की दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तो आपोआप बंद होतो. लख्ख ऊन पडलेले असूनही मोटार चार्ज होत नाही. वीज गेलेली असतानाही चार्जिंग हवे असेल तर साठवणूक करणारी वेगळी बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च अनुदानाबाहेर जातो. पंपावरचे पेट्रोलही विजेनेच वर येते, हे खरे. पण पंपावर डिझेलचे जनित्र असते.

नागपूरचा धडा

विदर्भाने हा प्रयोग एकदा पाहिला आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला आणि महिंद्र या कंपन्यांनी विजेवर चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा आदी दोनशे वाहनांचा ताफा रस्त्यावर आणला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत त्याचा मोठा गाजावाजा झाला. वर्ष उलटण्याच्या आत चालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. चार्जिंगसाठी तासन् तास रांगेत थांबावे लागे, त्या वेळेत भाडे बुडे, आणि पुन्हा पेट्रोल-डिझेलची गाडी द्या अशी मागणी अनेकांनी केली. तेव्हाच्या गाड्यांची बॅटरी लहान होती. आज तीच टॅक्सी दुप्पट अंतर जाईल. पण त्या अपयशाचे मूळ चार्जिंगच्या मोजक्या जागांत होते, आणि आलापल्लीला त्याचीच चिंता अधिक आहे.

जलद चार्जिंग केंद्राला ६० किलोवॅटची जोडणी लागते. गावातल्या दहा अश्वशक्तीच्या पिठाच्या आठ गिरण्या एकदम चालू केल्यासारखे ते आहे. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर दिवसाला पुरेशा गाड्या येतात, म्हणून तेथे खासगी गुंतवणूक होते. आलापल्ली-सिरोंचा या सुमारे शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर दिवसाला तीन गाड्या चार्जिंगला थांबल्या, तर यंत्राचे व्याजही सुटणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे कलम राज्याच्या धोरणात आहे. आलापल्लीवरून जाणारे ३५३-सी आणि भामरागडकडे जाणारा १३०-डी हे दोन्ही राष्ट्रीय महामार्गच आहेत. तेथे ही सोय बाजारावर सोडली तर ती येणार नाही. पाण्याच्या टाकीसारखी ती सरकारी खर्चानेच उभारावी लागेल.

ऊन, पाणी आणि मिस्त्री

चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा बॅटरीची परीक्षा पाहणारा आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. तिची साठवणक्षमता अशा हवेत लवकर घटते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत आता लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती जुन्या प्रकारांपेक्षा उष्णतेला अधिक टिकते आणि पेट घेण्याचा धोकाही तिच्यात कमी असतो. तरीही पूर्ण भरलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी करून ठेवणे टाळावे. झाडाच्या सावलीची उणीव निदान आलापल्लीत नाही.

पुराविषयीची भीती मात्र अतिरंजित आहे. बॅटरीची पेटी सहसा एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाणार नाही अशी बांधलेली असते, उलट पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या नळीतून पाणी शिरले की ते जागीच निकामी होते. दर पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागडचा संपर्क तुटतो. त्या वेळी गाडी कोणतीही असो, ती अलीकडेच थांबवावी. वाहत्या पाण्याला इंधनाचा प्रकार कळत नाही.

मिस्त्रीचा प्रश्न यापेक्षा अवघड. पेट्रोलची गाडी गावातला मिस्त्री पाना-पक्कड घेऊन चालती करतो. विजेच्या मोटारीत क्लच, प्लग, सायलेन्सर, इंजिन ऑइल असे काही नसतेच. म्हणून ती बिघडतेही कमी. पण बिघडली तर तीनशेहून अधिक व्होल्टच्या प्रणालीला प्रशिक्षणाशिवाय हात लावता येत नाही आणि गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून अधिकृत केंद्रापर्यंत न्यावी लागते. कंपन्या बॅटरीला साधारणतः आठ वर्षे किंवा एक लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. नवी गाडी घेणाऱ्याला ती पुरेशी आहे. पण ग्रामीण भागात घरची पहिली मोटार बहुधा जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते. सात वर्षांची पेट्रोल गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकून अंदाज येतो. सात वर्षांच्या बॅटरीत किती जीव उरला आहे हे ऐकून कळत नाही. जुन्या विजेच्या मोटारींचा विश्वासार्ह बाजार तयार होईपर्यंत या वर्गाला पेट्रोलवाचून पर्याय नाही.

धूर कोठे जातो?

विजेच्या मोटारीला धुराडे नसते, पण चंद्रपूरला आहे. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ते कोळशावर चालते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. मुंबईच्या मोटारीने वाचविलेला धूर आपल्या अंगणात येणार काय, हा प्रश्न चंद्रपूरकराने विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

आकडेमोड अशी: एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कर्बवायू निघतो, म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. भारतात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी ०.७२ किलो निघतो. वहनातील गळती धरली तर विजेच्या लहान मोटारीचा वाटा किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतो. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा २०२५ मध्ये कोळसा-वायूखेरीज अन्य स्रोतांचा झाला असला, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच वरचढ आहे. छपरावरील सौर वीज वापरणाऱ्या घराचा हिशेब अर्थातच याहून कितीतरी चांगला.

एक वाहन की दोन?

जगात पेट्रोल मोटारीची जागा खरोखर घेतली गेली आहे ती नॉर्वेत. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. तरीही रस्त्यावरील विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींपुढे गेली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि डिझेलच्या गाड्या तेव्हाही त्यांच्याहून अधिक होत्या. नव्या विक्रीत पालट झाला तरी घरोघरी उभ्या असलेल्या गाड्या बदलायला दशके लागतात. तिथे जलविद्युत मुबलक, करसवलत मोठी आणि रस्तोरस्ती चार्जर. भारतात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर मोटारींत विजेच्या दोन-तीनच होत्या.

दुसरा फरक अधिक खोलवरचा आहे. २००१ साली बंगळुरूच्या रेवा कंपनीने भारतीय रस्त्यावर विजेची छोटी मोटार आणली. एका चार्जिंगमध्ये ती ८० किलोमीटर जाई. ती ज्यांनी घेतली त्यांच्याकडे बहुधा दुसरी गाडीही असे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील केवळ ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती आणि २१ टक्क्यांकडे दुचाकी. दोन मोटारी असलेले घर हा अपवाद आहे. म्हणून आलापल्लीत पेट्रोलची जागा प्रथम घेतली जाईल ती दुचाकीत. अहेरीला रोज जाणाऱ्याला तीन युनिटची बॅटरी असलेली स्कूटर पुरते, ती घरातल्या साध्या सॉकेटवर रात्रीतून भरते आणि अडली तरी आठ-दहा किलोमीटरवर घर असते. ज्या घरात पेट्रोलची मोटार आणि पेट्रोलची दुचाकी आहे, त्याने आधी दुचाकी बदलावी. ज्याच्याकडे एकच मोटार आहे आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्याने आष्टीला चार्जिंगची खात्रीची सोय होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल, किंवा निदान चाळीस युनिटच्या वरची बॅटरी घ्यावी आणि ती कधीही निम्म्याखाली जाऊ देऊ नये. चाळीस युनिटमधील निम्मी वीज म्हणजे चंद्रपूरपर्यंतचे अंतर, थोडे शिल्लक ठेवून.

घरातल्या पेट्रोलच्या गाडीकडे अशा रीतीने पाहिले तर ती वाहन कमी आणि विमा अधिक आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती ज्या गावात वीस मिनिटांत पोहोचते, तेथील कुटुंबाला हा विमा घरी बाळगावा लागत नाही आणि विजेची मोटार तेथे आजही पूर्णपणे पुरते. एसटीने जून २०२२ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू केली. तशी बस अहेरी आगारातून चंद्रपूरला धावू लागली, तर आगारात आणि आष्टीच्या थांब्यावर तिच्यासाठी चार्जर बसवावे लागतील. त्या चार्जरचा एखादा जोड खासगी मोटारींना खुला ठेवायचा की नाही, एवढेच मग ठरवायचे उरेल.